पाहुण्याची अदब आणि कामगाराचा हक्क

माहुलला १९५४ व १९५५ साली दोन तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले, पुढे ट्रॉम्बेला खतांचा कारखाना आला, आणि या भागात वेल्डर, पाइप-फिटर, रिगर यांची एक नवी बलुतेदारीच तयार झाली. हेच हात पुढे आखातातील अरब देशांना हवेसे झाले. आज आमच्या युनियनच्या कचेरीत करारपत्र घेऊन कोणी तरुण आला नाही, असा महिना क्वचितच जातो. आम्ही शाळा सातवीला सोडली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या दारात, सार्वजनिक वाचनालयात आणि आखातातून परतलेल्या सोबत्यांच्या तोंडून झाले. त्या शिदोरीतले थोडे आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

परमुलखात अदबीने वागावे, हे कोणालाही पटेल. परंतु अदब कोठे संपते आणि लाचारी कोठे सुरू होते, हे ज्याला उमगत नाही तो दोन्हीकडून मार खातो. म्हणून या दोन्ही गोष्टी एकत्रच सांगितल्या पाहिजेत.

‘अदब’ हा शब्दच मुळी अरबी आहे. हिशेब, तारीख, कायदा, वकील, मालक हेही तिकडचेच. कतारच्या बाजारात तर १९६६ पर्यंत रुपया चालत असे. तेव्हा हा मुलूख आपल्याला अगदीच परका नाही. मात्र अरब म्हणजे एकच देश नव्हे. सौदी अरेबियाची शिस्त वेगळी, ओमानची वेगळी, दुबईची त्याहून वेगळी. पुढील गोष्टी साधारणपणे सगळीकडे लागू पडतात.

भेट झाली की कामाचे बोलणे एकदम काढू नये. आधी ‘अस्सलामु अलैकुम’, मग प्रकृतीची चौकशी, मग काम. घरच्या मंडळींची खुशाली विचारावी, पण ‘तुमची बायको कशी आहे?’ असे विचारू नये. स्त्रीने आपण होऊन हात पुढे केल्याशिवाय हस्तांदोलन करू नये. देणेघेणे आणि खाणेपिणे उजव्या हाताने करावे. बसताना पायाचा तळवा समोरच्याकडे करू नये. यातले बरेचसे आपल्या आजीनेही आपल्याला शिकवलेलेच आहे! उरलेले चिता कँपातील आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना विचारावे, ते आनंदाने सांगतील.

पाहुण्याला वेलदोडा घातलेली कॉफी देतात, तिला ‘गहवा’ म्हणतात. पेला लहान, बिनकानाचा. यजमान डाव्या हाताने ओततो आणि उजव्या हाताने देतो. पेला रिकामा झाला की तो पुन्हा भरतो. पुरे झाले हे सांगण्यासाठी पेला किंचित हलवून परत द्यायचा असतो. आमच्या एका रिगर मित्राला हे ठाऊक नव्हते. नको म्हणणे वाईट दिसेल म्हणून तो बिचारा एकामागून एक सहा पेले प्याला आणि रात्रभर जागा राहिला. निदान पहिला पेला तरी नाकारू नये, हा नियम मात्र त्याने बरोबर पाळला.

रमजानात दिवसा चारचौघांत खाऊपिऊ नये, विडीही ओढू नये. कुवेतात तर १९६८ च्या कायद्याने तो गुन्हा आहे. कुवेतात आणि सौदी अरेबियात दारूला हात लावू नये. स्त्रियांची, सरकारी इमारतींची वा लष्करी जागांची छायाचित्रे घेऊ नयेत. आमच्या कारखान्यांतून शिवी म्हणजे जणू बोलण्यातले मीठ. पण अमिरातीत मोबाइलवर शिवी लिहून पाठवणे हासुद्धा गुन्हा आहे. ती सवय विमानतळाच्या अलीकडेच सोडावी.

आता मातांसाठी एक गोष्ट. गेल्या दिवाळीनंतर एक तरुण फिटर निघाला होता. आईने डबाभर अनारसे बांधून दिले होते. आम्ही तो डबा उघडायला लावला, तेव्हा ती माउली रागावली. पण अनारशावर खसखस असते, खसखस म्हणजे अफूच्या बोंडातले बी, आणि अमिरातीत व सौदी अरेबियात ती नेण्यास बंदी आहे. आईच्या मायेपायी मुलगा कोठडीत जाऊ शकतो! कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधाचेही तेच. तिने लाडूंचा डबा भरून दिला, तेव्हा कोठे आमचा जीव भांड्यात पडला.

इथवर अदब झाली. आता हक्क. पासपोर्ट मालकाने ताब्यात ठेवणे सौदी अरेबिया, अमिराती व कतार या तिन्ही देशांत कायद्याने मना आहे. ‘इकडची रीतच अशी’ असे कोणी सांगितले, तर ती रीत नव्हे, ती लबाडी आहे. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करून घेण्यास बंदी आहे. त्या वेळी सावलीत बसणारा कामगार उद्धट ठरत नाही. करार दोन भाषांत असेल आणि वाद झाला, तर तिथे अरबी मजकूर ग्राह्य धरतात. म्हणून सही करण्यापूर्वी दोन्ही मजकूर जुळतात की नाही, हे जाणकाराकडून पाहून घ्यावे.

आम्ही जन्मभर संप केले. तरीही स्पष्ट सांगतो की सौदी अरेबियात वा अमिरातीत संपाचा मार्ग नाही. तो केला तर काम जाते आणि माणूस परत पाठवला जातो. तिथे तक्रार लेखी करावी, कामगार खात्याकडे करावी, आणि भारतीय वकिलातीला कळवावी. आवाज न चढवता, पण माघार न घेता.

यजमानाचा मान राखणारा माणूस स्वतःचा मान सोडीत नाही. ज्यांच्या घरचे कोणी जाणार असेल, त्यांनी निघण्यापूर्वी एका संध्याकाळी सगळ्यांनी मिळून करारपत्र मोठ्याने वाचावे, त्याची एक नक्कल घरी ठेवावी, आणि मगच फराळाचे डबे भरावेत.