ड्रॅक्युला चेल्सीत येतो तेव्हा

१९५८पासून हॅमर फिल्म्सचा ड्रॅक्युला घोडागाड्यांच्या काळात वावरत होता. १९७०च्या ‘काउंट योर्गा, व्हॅम्पायर’ने रक्तपिपासू सरदार थेट त्या काळच्या लॉस एंजेलिसमध्ये आणला, चित्रपट चालला, आणि हॅमरनेही तोच मार्ग धरला.

अ‍ॅलन गिब्सन दिग्दर्शित ‘ड्रॅक्युला ए.डी. १९७२’ सुरू होतो १८७२च्या हाइड पार्कमध्ये. उधळलेली घोडागाडी आदळते आणि तुटलेल्या चाकाचा आरा ड्रॅक्युलाच्या छातीत घुसतो. मग एकदम शंभर वर्षं पुढे: लंडनच्या चेल्सीतली तरुण मंडळी, रॉक संगीत, पार्ट्या. ड्रॅक्युलाचा जुना वैरी व्हॅन हेल्सिंग, त्याच्या वंशजाच्या भूमिकेत पीटर कुशिंग. तो मुळात नायिकेचा बाप असणार होता. पण १९७१मध्ये पत्नी गेल्यावर कुशिंग इतका खंगला, की पटकथेत त्याला आजोबा करावं लागलं.

सर्वांत झकास कल्पना न्हाणीघरात आहे. वाहतं पाणी व्हॅम्पायरला घातक, हा जुना संकेत. इथे ड्रॅक्युलाच्या चेल्याचा जीव घेण्यात चक्क शॉवरचा हात असतो. ख्रिस्तोफर लीचा ड्रॅक्युला मात्र पडक्या चर्चच्या आवाराबाहेर पाऊलही टाकत नाही. नवं लंडन त्याला दाखवायचंच नव्हतं, तर त्याला इतक्या लांब आणलं कशाला?

खरं तर स्टोकरची १८९७ची मूळ ‘ड्रॅक्युला’ कादंबरीही आपल्या काळाची होती: टंकलेखन यंत्र, फोनोग्राफ, रक्त चढवणं, सगळं तीत आहे.

हॅमरने पुढच्याच वर्षी चूक सुधारली. ‘द सॅटॅनिक राइट्स ऑफ ड्रॅक्युला’मध्ये तो लंडनच्या टोलेजंग इमारतीत बसणारा बडा उद्योगपती आहे.