घरखरेदीतील छताची तपासणी : कायदा आणि बांधकामशास्त्र

घर खरेदी करताना दस्तऐवज काटेकोरपणे तपासले जातात. छताकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 55 नुसार विक्रेत्याने स्वतःस ज्ञात असलेला महत्त्वाचा दोष उघड करणे आवश्यक आहे. तथापि हे बंधन, खरेदीदारास सामान्य दक्षतेने आढळू शकणार नाही अशाच दोषांपुरते आहे. छतावरील ओलीचा डाग तर उघड्या डोळ्यांना दिसतो! विक्रीपूर्वी केवळ छतालाच दिलेला ताजा रंग हीही एक खूणच मानावी.

आर.सी.सी. स्लॅबमध्ये मुरलेले पाणी सळईपर्यंत पोहोचले की ती गंजते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असल्याने काँक्रीटला तडे जातात व पोपडे सुटतात. म्हणून गच्चीचा उतार, पाणी वाहून नेणाऱ्या नळांची तोंडे, कठड्याचा सांधा व खालील छत यांची पाहणी, शक्यतो पावसाळ्यात, अभियंत्याकडून करवून घ्यावी. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, 2016 ताब्यापासून 5 वर्षांपर्यंत संरचनात्मक दोषांची जबाबदारी विकासकावर टाकतो. जुन्या सदनिकेच्या खरेदीदारास हा आधार बहुधा उरलेला नसतो.