पाण्यात विरघळणारा कापूस

धोतर शेकडो वेळा धुतले तरी ते पाण्यात विरघळत नाही, याचे आपणांस नवल वाटत नाही. वास्तविक वाटावयास हवे. कापूस बहुतांशी सेल्युलोजाचा असतो, आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोज या शर्करेचे घटक एकापुढे एक जोडून झालेली लांब साखळी होय. ग्लुकोज सहज विरघळते; मग ही साखळी का विरघळू नये?

साखळीतील प्रत्येक घटकावर पाण्याची ओढ असलेले तीन हायड्रॉक्सिल गट असतात. परंतु शेजारच्या साखळ्यांतील हे गट हायड्रोजन-बंधांनी परस्परांना इतके घट्ट धरून ठेवतात की, पाण्याला आत शिरावयास वावच राहत नाही. ही पकड सोडविणे, हे रसायनज्ञाचे काम.

त्यासाठी सरकीवरील आखूड तंतू किंवा लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्याच्या तीव्र द्रावात भिजवितात. तंतू फुगतात व साखळ्या एकमेकींपासून दूर सरतात. मग मोनोक्लोरोॲसेटिक आम्ल घातले म्हणजे काही हायड्रॉक्सिल गटांतील हायड्रोजनाची जागा कार्बॉक्सिमिथिल गट घेतो आणि सोबत साधे मीठ तयार होते. नव्या गटावर ऋण विद्युत्-भार असल्याने साखळ्या एकमेकींना दूर लोटतात. दर दहा घटकांमागे चार-पाच गट जोडले गेले, तरी पदार्थ विरघळू लागतो. मात्र ते सर्वत्र सारखे बसावे लागतात, नाही तर द्रावात न विरघळलेले तंतू तरंगत राहतात.

मिथिल क्लोराइड वापरल्यास मिथिल सेल्युलोज मिळते. त्याची गोष्ट अधिक मौजेची आहे. मिथिल गटाला स्वतःला पाण्याचे प्रेम नाही. तो साखळ्यांमध्ये केवळ पाचर मारतो. म्हणून घटकामागे सरासरी दीड ते दोन गट असता पदार्थ थंड पाण्यात विरघळतो, पण तिन्ही जागा भरल्या तर पुन्हा अविद्राव्य होतो. जिलेटिनाची लापशी तापविल्यास पातळ होते; हा द्राव उलट तापविल्यावर थिजतो आणि निवल्यावर पुन्हा वाहू लागतो.

धुण्याच्या चूर्णात कार्बॉक्सिमिथिल सेल्युलोज घालतात. त्याचा कणा कापसाचाच असल्याने ते सुती कापडास चिकटून बसते, आणि निघालेला मळ पुन्हा कापडावर बसू देत नाही. मिथिल सेल्युलोजाची खळ ग्रंथांच्या दुरुस्तीत उपयोगी पडते. पिठाच्या खळीप्रमाणे ती किडीचे खाद्य होत नाही. शिवाय जोड चुकीचा बसला, तर पुढील कारागिरास तो थंड पाण्याने ओलावून, पान न फाडता सोडविता येतो.