मेंदूतील रसायने आणि शरीराची उष्णता

लडाखच्या हिवाळ्यात पहारा देणारा सैनिक आणि राजस्थानात मे महिन्याच्या उन्हात खडी फोडणारा मजूर यांच्या भोवतालच्या हवेच्या तापमानात साठ अंश सेल्सियसपेक्षाही अधिक तफावत असू शकते. तरीही दोघांच्या शरीराच्या अंतर्भागाचे तापमान ३७ अंशांच्या आसपासच असते. चोवीस तासांत त्यात होणारा चढउतार एखाद्या अंशापलीकडे सहसा जात नाही. हे स्थैर्य आपोआप लाभलेले नाही. त्यामागे मेंदूची अखंड देखरेख असते, आणि ही देखरेख काही थोड्या रसायनांच्या साहाय्याने चालते.

यकृत, स्नायू व इतर अवयव यांच्यातील रासायनिक क्रियांमुळे शरीरात सतत उष्णता निर्माण होते. ती बाहेर टाकण्याचे काम मुख्यतः त्वचा करते. उकाड्यात त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, घाम सुटतो आणि तो वाळताना शरीराची उष्णता घेऊन जातो. थंडीत याच रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि तेवढ्याने भागले नाही तर हुडहुडी भरते. हुडहुडी म्हणजे स्नायूंनी केवळ उष्णतेसाठी केलेले श्रम होत. मेंदूच्या तळाशी असलेला अधोथॅलॅमस हा लहानसा भाग या सर्व क्रियांचे नियमन करतो. त्याच्या पुढील बाजूस असलेल्या काही चेतापेशी उष्णता वाढताच अधिक वेगाने संदेश पाठवू लागतात, असे १९६१ मध्ये मांजरांवरील प्रयोगांत दिसून आले.

परंतु हे संदेश कोणत्या रसायनांच्या द्वारे दिले जातात? लंडनमधील मिल हिल येथे विल्हेल्म फेल्डबर्ग यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. नाझी राजवटीमुळे १९३३ मध्ये जर्मनी सोडावा लागलेले हे शास्त्रज्ञ चेतापेशींच्या रसायनांचे मान्यवर अभ्यासक होते. १९६३ व १९६४ मध्ये त्यांनी व त्यांचे सहकारी आर. डी. मायर्स यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मांजरांच्या मेंदूतील द्रवाने भरलेल्या पोकळीत निरनिराळी रसायने अत्यल्प प्रमाणात सोडण्यात आली होती. सेरोटोनिन सोडताच मांजर कापू लागे व त्याचे तापमान चढे. ॲड्रेनॅलीन किंवा नॉरॲड्रेनॅलीन सोडल्यास ते उतरे. ही रसायने अधोथॅलॅमसमध्ये नैसर्गिक रीत्याच आढळतात. तेव्हा त्यांच्या परस्पर समतोलावरच शरीराचे तापमान ठरत असावे, अशी कल्पना या दोघांनी मांडली.

ही कल्पना आकर्षक होती. पण निसर्ग इतका सरळ नसतो. १९६५ मध्ये सशांवर तसेच प्रयोग झाले, तेव्हा परिणाम नेमके उलट आढळले. सशांचे तापमान नॉरॲड्रेनॅलीनने चढले व सेरोटोनिनने उतरले. एका प्राण्यात मिळालेले उत्तर दुसऱ्याला, आणि विशेषतः माणसाला, जसेच्या तसे लागू करता येत नाही, हा धडा त्यातून मिळाला. मात्र तापमानाचे नियमन रसायनांच्या द्वारे होते हा मूळ विचार टिकून राहिला. काही औषधे एकत्र घेतल्याने माणसाच्या शरीरात सेरोटोनिनचा परिणाम प्रमाणाबाहेर वाढला, तर तापमान धोक्याच्या पातळीपर्यंत जाऊ शकते, हे आज वैद्यकाला चांगले परिचित आहे.

ज्वराचे कोडे उलगडले ते आणखी एका रसायनामुळे. १९७० मध्ये ए. एस. मिल्टन व एस. वेंडलांट यांनी मांजरांच्या मेंदूतील पोकळीत प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य सोडले आणि त्यांना ज्वर चढला. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९७१ मध्ये, जॉन व्हेन यांनी ॲस्पिरिनमुळे प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखली जाते असे दाखवून दिले. १८९९ पासून त्या नावाने विकल्या जाणाऱ्या या औषधाचे कार्य अशा रीतीने सत्तर वर्षांनंतर समजले. या संशोधनात व्हेन यांचा मोठा वाटा होता आणि १९८२ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले.

आता ज्वराची साखळी अशी सांगता येते. रोगजंतू शरीरात शिरले की रोगप्रतिकार करणाऱ्या पेशी इंटरल्यूकिनसारखी प्रथिने रक्तात सोडतात. त्यांच्यामुळे मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन तयार होते. ते अधोथॅलॅमसमधील चेतापेशींवर क्रिया करते आणि थंडीचा प्रतिकार करणाऱ्या यंत्रणेवर एरवी असलेला लगाम सैल होतो. जे तापमान राखायचे त्याची पातळी, म्हणजे नियत बिंदू, ३७ वरून समजा ३९ अंशांवर जातो. शरीर ३८ अंशांवर असतानाही मेंदूच्या हिशेबी ते थंडच असते. म्हणूनच अंग तापलेले असूनही रोग्याला थंडी वाजते आणि तो पांघरूण मागतो. औषधाने प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती थांबली की नियत बिंदू खाली येतो, घाम सुटतो व ताप उतरतो. निरोगी माणसाने ॲस्पिरिन घेतल्यास त्याचे तापमान ३७ अंशांखाली जात नाही, याचेही कारण हेच. जो बिंदू वर गेलेलाच नाही, तो खाली कसा येणार?

उष्माघाताची गोष्ट मूलतः वेगळी आहे. येथे नियत बिंदू चढलेला नसतो. मेंदू शरीर थंड करण्याची आज्ञा देतच असतो, पण उष्णता बाहेर टाकणारी यंत्रणा कमी पडते. हवा दमट असेल तर घाम वाळत नाही. शरीरातील पाणी घटले तर तो पुरेसा सुटत नाही. तापमान ४० अंशांवर जाते, रोगी असंबद्ध बोलू लागतो किंवा बेशुद्ध पडतो. तापमापकावर ज्वर व उष्माघात यांचा आकडा एकच दिसला, तरी त्यांचे उपचार एक नव्हेत. उष्माघातात तापाची गोळी निरुपयोगी ठरते. उलट ती यकृताला किंवा रक्त गोठण्याच्या क्रियेला अपायही करू शकते. रोग्याला सावलीत हलवणे, कपडे सैल करणे किंवा काढणे, सर्वांगावर थंड पाणी ओतत राहून वारा घालणे आणि विनाविलंब रुग्णालयात पोचवणे, हाच येथे उपाय होय. बेशुद्ध रोग्याच्या तोंडात पाणी मात्र घालू नये.

मानसिक विकारांवरील काही औषधे मेंदूच्या या नियमनात अडथळा आणतात, काही औषधांनी घाम कमी होतो. ती घेणाऱ्यांनी ऐन उन्हाळ्यात अधिक जपले पाहिजे. मात्र वैद्याच्या सल्ल्यावाचून ती बंद करणे योग्य नव्हे.

खडी फोडणारा तो मजूर भर दुपारी कोसळला, तर कपाळावर हात ठेवून त्याला ताप आला असे म्हणणे सोपे असते. पण त्याच्या मेंदूने अधिक उष्णता मागितलेली नसते. ती त्याच्यावर बाहेरून लादली गेलेली असते आणि त्याच्या श्रमांनी तीत भर घातलेली असते. हा फरक वेळीच ओळखला, तर त्याचे प्राण वाचू शकतात.