शेलू की परळ?

आजरा तालुक्यात सत्तरी ओलांडलेल्या माणसाला मुंबईत काय करत होतास असं विचारा, उत्तर गिरणीतल्या खात्याचं येईल. त्रासन, साचेखातं, रंगखातं. मी परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, तोही बदली. राहायला गावकीची खोली. एक पाळी उठली की दुसरी तिथंच वळकटी टाकायची.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. मी रोपलावणीला गावी आलो तो इथलाच झालो.

आता घराचं. १९९१ च्या नियमानुसार बंद गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे व्हायचे होते: महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, म्हाडाला घरांसाठी आणि तिसरा मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त गिरणीतल्या मोकळ्या जमिनीची, बांधकामाखालची मालकाकडं. गिरणीत मोकळी जमीन असते किती? तरी गिरणी कामगारांचे नेते दत्ता इस्वलकर यांच्यासारखी माणसं चिवटपणे लढली म्हणून कामगारांसाठीच्या २०१२ च्या सोडतीत ६,९२५ घरं निघाली, २०२० मध्ये ३,८९४. अर्ज मात्र दीड लाखाच्या घरात. २०१६ ला पनवेलजवळच्या कोनमधली घरं लागली, पण ताबा वर्षानुवर्षं रखडला. मध्ये कोविडचे रुग्णही तिथंच ठेवले.

अर्जाला पुरावा लागतो, १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर गिरणीत कामाला असल्याचा. तिकीट नंबर, ईएसआयसीचं कार्ड, फंडाची पावती, पगाराची चिठ्ठी. आमच्या पावसात ट्रंकेतल्या कागदाला आधी बुरशी लागते, मग वाळवी. दाखला मागायला जावं तर गिरणीच्या जागी टॉवर. त्यात हजेरीपटावर नाव आणि बापाचं नाव एवढंच असायचं, आधारवर आडनाव आलं. झाली दोन माणसं! बाजारादिवशी बायाबापड्या पिशवीतनं कागद घेऊन येतात, मी ते लावून देतो. निम्म्या तर कामगाराच्या विधवा असतात. वारसांनाही हक्क आहे, हे बऱ्याच जणींना उशिरा कळलेलं असतं.

समजा नंबर लागला. २०२० च्या घराची किंमत साडेनऊ लाख. फंडाची किमान पेन्शन २०१४ पासून महिना हजार रुपये. घास न खाता साठवली तर ७९ वर्षं लागतील. सत्तरीच्या माणसाला बँक दारात उभी करत नाही, मग कर्ज पोराच्या नावावर आणि चावीही पोराकडं. पोरांना मी दोष देत नाही, हप्ता तेच भरतात. पण म्हाताऱ्यांच्या नावानं निघालेल्या सोडतीत वयाला किंमत नाही, हे मला पटत नाही. साठीचा आणि पंच्याऐंशीचा एकाच सोडतीत. सिंगापूरला म्हणे पंचावन्न वर्षांवरच्यांना सरकारी छोटं घर १५ ते ४५ वर्षांच्या करारानं मिळतं. करार पंच्याण्णव वय होईपर्यंत पुरला पाहिजे आणि मुदत कमी तशी किंमत कमी. मला तर पंधरासुद्धा जास्त होतील.

२०२४ पासून शेलू आणि वांगणीच्या घरांची चर्चा आहे. खासगी बिल्डर बांधणार, कामगारानं साडेनऊ लाख भरायचे. बदलापूरच्या पुढं. परळला सव्वादोनशे फुटांची खोली मला हवी आहे ती केईएम आणि टाटा हॉस्पिटलांसाठी. आजऱ्यातनं रात्रीच्या गाडीनं पेशंट घेऊन गेलेली माणसं टाटाच्या बाहेर फुटपाथवर पथाऱ्या टाकतात. खोली असली तर निदान चार घरांची सोय होईल. शेलूला घर घेऊन पुन्हा लोकलनं परळलाच जायचं, तर ते कुणासाठी?

आमच्यातल्या काहींनी संमती दिली आहे. आहे ते पदरात पाडून घ्या, असं घरातनं सांगणं आहे. त्यांचे फॉर्मही मीच भरून दिले. माझी सही अजून झालेली नाही.