देवयानीचं स्थळ आलंय!

दिवाळीला पोंभुर्ण्याला गावी जाताय? मग फराळ आटपला, फटाक्यांचा धूर विरला की रात्री दहा-अकराला गच्चीवर चढा. शिवारात नको, तिकडे वाघ फिरतो! लाइट बंद, मोबाइल खिशात. अमावास्या असल्यामुळे चंद्राची लुडबुड नाही. पंधरा मिनिटांत डोळे अंधाराला सरावतात.

आता उत्तरेकडे बघा. इंग्रजी 'एम'सारखे पाच तारे म्हणजे शर्मिष्ठा. या 'एम'चं जास्त टोकदार शिखर जिकडे रोखलंय, तिकडे वर एक धूसर ठिपका दिसेल. ती देवयानी दीर्घिका, २५ लाख प्रकाशवर्षं दूर. पुण्या-मुंबईच्या झगमगाटात ती नुसत्या डोळ्यांनी सापडणं मुश्कील. आणि ही देवयानी सेकंदाला सुमारे ११० किलोमीटर वेगानं आपल्या आकाशगंगेकडे येतेय!

टक्कर, पण ओरखडा नाही

घाबरू नका. दीर्घिका एकमेकींत घुसल्या तरी तारे सहसा आदळत नाहीत. सूर्य म्हणजे पोंभुर्ण्यातलं एक लिंबू धरलं, तर सर्वांत जवळचा तारा थेट दिल्लीत! बदलतो तो आकार. गुरुत्वाकर्षणाच्या ओढाताणीत तारे आणि वायू लांब शेपट्यांसारखे बाहेर फेकले जातात. 'अँटेनी' जोडीला किड्यासारख्या मिशा फुटल्यात, 'माइस' जोडीला उंदराच्या शेपट्या. छोटी दीर्घिका मोठीच्या मधोमध घुसली, तर तळ्यात दगड टाकल्यासारखी वलयं उठतात. 'कार्टव्हील' हे अस्संच बैलगाडीचं चाक! वायूचे ढग मात्र खरोखर आदळतात, दाबले जातात आणि त्यातून नवे तारे जन्मतात.

पुणेरी कोडं

२०२० मध्ये पुण्याच्या एनसीआरएतल्या शास्त्रज्ञांच्या टीमनं नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीतून एक भन्नाट गोष्ट शोधली. 'एजीसी २०३००१' या दीर्घिकेभोवती हायड्रोजनचं कडं, व्यास तब्बल ३ लाख ८० हजार प्रकाशवर्षं! म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या साधारण चौपट. टक्करीतून झालेल्या कड्यात सहसा तारे चमकतात. इथे ते दिसलेच नाहीत. मग हे कडं आलं कुठून? कोडं अजून सुटलेलं नाही.

आपलं जमणार का?

साडेचारशे कोटी वर्षांनी आपली आणि देवयानीची टक्कर नक्की, असं बरीच वर्षं सांगितलं जायचं. २०२५ मध्ये हबल आणि गाया या अवकाश दुर्बिणींच्या मोजमापांवरून नवा हिशेब मांडला गेला. पुढच्या १००० कोटी वर्षांत टक्कर होण्याची शक्यता फक्त निम्मी. थोडक्यात, टॉस!

पत्रिका जुळेल तेव्हा जुळेल. बघण्याचा कार्यक्रम तरी याच दिवाळीत उरकून घ्या. गावाकडचा काळोख अजून शिल्लक आहे, तोवर.