जुन्या जिनिंगचे गावासाठी कलामंदिर

वऱ्हाडची ‘पांढऱ्या सोन्याचा मुलूख’ ही ओळख ज्या वास्तूंनी घडविली, त्यांत कापसाच्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचे स्थान मोठे आहे. आजच्या वाशीम जिल्ह्यातील कारंजा ही कापसाची जुनी, नामांकित बाजारपेठ होय. मूर्तिजापूर-यवतमाळ ही अडीच फुटी रुळांची ‘शकुंतला’ रेल्वे कारंजावरून नेण्यात आली, ती प्रामुख्याने कापसाच्या वाहतुकीसाठीच.

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. पुढे शिवारात सोयाबीनने कापसाची बरीच जागा घेतली. १९७२ मध्ये सुरू झालेली एकाधिकार कापूस खरेदी योजना मागे पडली. २००० सालच्या कापूस तंत्रज्ञान अभियानानंतर सरकी काढण्यापासून गाठ बांधण्यापर्यंतची कामे यंत्रांनी सलग करणारे कारखाने उभे राहू लागले. जुन्या शेड या मापात बसेनाशा झाल्या. अशी शेड बंद पडली की पत्रे व लोखंड भंगारात जाते आणि जमिनीचे भूखंड पडतात. त्यापूर्वी तिचा गावासाठी काही उपयोग होईल काय, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

दोन गिरण्या, दोन वाटा

नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली. ती बंद पडल्यानंतर तिच्या जागेवर व्यापारी संकुल उभे राहिले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये स्थापन केलेली शाहू मिल २००३ मध्ये बंद झाली. तथापि, महाराजांच्या स्मृतिशताब्दीनिमित्त २०२२ मध्ये तिच्याच आवारात प्रदर्शने व सांस्कृतिक कार्यक्रम झाले आणि वर्षानुवर्षे बंद असलेली मिल नागरिकांना आतून पाहता आली. वास्तू रिकामी असली तरी निरुपयोगी नसते, हे यावरून ध्यानात येते.

ब्राझीलमधील साव पावलो शहरात पिंपांच्या एका जुन्या कारखान्याचे असेच रूपांतर झाले. वास्तुविशारद लीना बो बार्डी यांनी शेड न पाडता तेथे ग्रंथालय, नाट्यगृह व हस्तकलेच्या कार्यशाळा सामावल्या. १९८२ मध्ये ते केंद्र खुले झाले.

शेडची अनुकूलता आणि उणिवा

कापसाचे ढीग मावावेत म्हणून जिनिंगची शेड उंच, लांबरुंद आणि मोजक्या खांबांची बांधलेली असते. बैठक, भजन, नाटक वा बंजारा बांधवांची लेंगी यांस अशी मोकळी जागा सोयीची ठरते. मात्र पत्र्याखाली उन्हाळ्यात उष्मा होतो, पावसाचा आवाज भाषण बुडवितो आणि शब्द घुमतात. छताखाली उष्णतारोधक थर व भिंतींना जाड कापडी पडदे लावल्यास या अडचणी पुष्कळशा कमी होतात.

आधी काय पाहावे?

पहिली गोष्ट मालकीची. सातबारा उतारा अथवा मिळकत पत्रिका, त्यावरील बोजा व प्रलंबित दावे तपासल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नये. दुसरी, जमीन वापरातील बदलास सक्षम प्राधिकरणाची मंजुरी. तिसरी, बांधकामाची मजबुती. गंजलेल्या कैच्या, जुनी वायरिंग आणि सिमेंटच्या पत्र्यांतील ॲस्बेस्टॉस यांची तपासणी अभियंत्याकडूनच करून घ्यावी. दोन्ही बाजूंनी बाहेर पडण्याची दारे, अग्निशमनाची साधने, स्त्रियांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह आणि अपंगांसाठी उतार यांवाचून सभागृह खुले करू नये.

खरी कसोटी उद्घाटनानंतर लागते. वर्षातून दोन समारंभांपुरती उघडणारी वास्तू पुन्हा कुलूपबंदच होते. म्हणून सकाळी अभ्यासिका, दुपारी महिला बचत गटांचे काम व सायंकाळी वाचनालय आणि कलेचा सराव असा रोजचा वापर ग्रामसभेत वा नगरपरिषदेत आधी ठरवावा. वीजबिल व दुरुस्ती कोणी सोसावयाची, हेही लेखी असावे.

एका भिंतीवर जुन्या कामगारांच्या आठवणी व छायाचित्रे मांडावीत. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून त्या आताच टिपून घ्याव्यात. शेड दुरुस्त करता येईल. पण रेच्यावर राबलेल्या हातांची हकिकत सांगणारी माणसे नंतर शोधून सापडणार नाहीत.